वॉकलीच्या टेकडीआडचा सूर्य

९ फेब्रुवारी १९५८, रविवार

क्लेमला जाऊन बुधवारी तीन महिने होतील. बायका विचारतात, रात्री कशा जातात. रात्री बऱ्या जातात, पडल्या पडल्या झोप लागते. अवघड जाते ती दिवेलागण. मी सिंकपाशी उभी असते, समोरच्या खिडकीतून खाली सगळं शेफील्ड दिसतं, धुराड्यांच्या पलीकडे वॉकलीची टेकडी, आणि तिच्यामागे सूर्य उतरत असतो. पाठीमागून आवाज तेवढा येत नाही: “मेबल, आज कसला रंग आहे गं?”

शेवटची चार वर्षं रोज विचारायचा. स्वतः खुर्चीत, पाय शेगडीकडे. मी म्हणायचे, “ऊठ आणि बघ की. पाय झिजणारेत का?” तो हसायचा. म्हणायचा, तू सांगितलंस की बरं वाटतं. पूर्वी रोज माळ्यावर चढून, खिडकी उघडून बघायचा. पुढे म्हणाला, जिने चढणं तरण्या पोरांचं काम. आळशी झाला होता म्हातारपणी. आठ तास भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला आळशी म्हणू नये, पण घरी होता खरा.

आज शेजारची बीटी ऑक्सली आली. ती मुलांच्या शाळेत फरशा पुसायला जाते. आल्या आल्या म्हणाली, “मी एक आगाऊपणा केलाय, ओरडू नकोस.”

“आधी सांग, मग ठरवते.”

“आमचे पॅशली मास्तर आहेत ना, ते धुराची नोंद ठेवतात. मी त्यांना क्लेमच्या वह्यांचं सांगितलं. उडालेच ते. मंगळवारी चहाला येतायत.”

“माझ्या घरी चहाला? तूच बोलावलंस?”

“मग काय माझ्या घरी बोलवू? वह्या तुझ्याकडे आहेत.”

बीटी गेल्यावर ही वही काढली. मनातलं कुणाला सांगायची सवय नाही, लिहून बघते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पॅशली मास्तर उंच, वाकलेले, बूट पुसून आत येणारे. क्लेमच्या अकरा वह्या मी टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. १९३६ ते १९५७. प्रत्येक ओळीत तारीख, सूर्य टेकडीआड गेला ती वेळ, आणि आकाशाचा रंग. दुसरं काही नाही. आमच्या लग्नाच्या वाढदिवसालाही दुसरं काही नाही.

मास्तरांनी एक वही उघडली आणि चहा निवून गेला.

त्यांचं म्हणणं असं. धुराविरुद्ध कायदा झालाय. आज ना उद्या आमच्याही गल्ल्यांत साधा कोळसा जाळायला बंदी येईल आणि हवा स्वच्छ होईल. मग इथल्या संध्याकाळी कशा असायच्या ते कुणालाच आठवणार नाही. धुरामुळे रंग वेगळे दिसतात. अशी बावीस वर्षांची नोंद दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यांच्या निसर्गमंडळाला ती पुस्तकरूपाने छापायची आहे. वर क्लेमचं नाव: क्लेमंट स्टॅनिफर्थ, भट्टीकामगार.

“छापील?” मी विचारलं.

“छापील. शहराच्या वाचनालयात राहील.”

 ज्याचं नाव आजवर फक्त हजेरीपत्रकावर होतं, त्याचं.

जाताना म्हणाले, “एक मात्र आहे, मिसेस स्टॅनिफर्थ. आमच्या समितीत कडक लोक आहेत. एखादं वर्ष जरी संशयास्पद निघालं, तरी ते सगळ्याच वह्या नाकारतील. पण तुमच्या यजमानांचं काम चोख दिसतंय.”

“चोख होतंच,” मी म्हणाले. “त्याने कधी पावाचा तुकडासुद्धा वाकडा कापला नाही.”

क्लेमचं अक्षर लागत नाही म्हणून सुवाच्य प्रत करून द्यायचं मी कबूल केलं. पंधरा एप्रिलपर्यंत.

१६ फेब्रुवारी

दोन वह्या झाल्या. मजा येतेय. इतकी वर्षं वह्या कपाटावर होत्या, मी नुसती धूळ पुसायचे.

क्लेमचे रंग सगळे भट्टीतले. पोलाद किती तापलं हे ते लोक रंगावरून ओळखतात. गव्हाच्या काडीसारखा पिवळा म्हणजे अमुक, पिकल्या चेरीसारखा म्हणजे तमुक, काळसर रक्तासारखा म्हणजे अजून वेळ आहे. निळ्या काचेतून भट्टीत बघायचं आणि सांगायचं. त्याच शब्दांत त्याने आकाश लिहिलंय. “चेरी, कडेला काडी.” “नुसतं रक्त, वर राख.” वाचताना वाटतं, वॉकलीच्या मागे कुणीतरी भट्टीचं दार उघडतंय आणि लावतंय.

बाजारात कापड घेताना हाच माणूस म्हणायचा, मला हिरवं आणि निळं सारखंच.

२७ फेब्रुवारी

बर्फ. कोळसेवाला आला नाही. वही पाचवी.

५ मार्च

बीटी म्हणाली, “तू एवढं लिहितेस, डोळे जातील.” मी म्हटलं, एवढ्याने जात नाहीत.

खरं तर चार वर्षांपूर्वी मला हे जमलंच नसतं. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि सूतगिरणीत नाही तर चाकूच्या कारखान्यात, असं आयुष्य गेलं. वाचन म्हणजे डब्यावरची नावं. मग एका संध्याकाळी क्लेमने वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. “तू वाच. तुझा आवाज बरा आहे.” मी बोट ठेवून ठेवून अडखळत वाचलं. हसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकवलं. वर्षभरात मी वाचनालयातून जाडजूड कादंबऱ्या आणायला लागले. तो डोळे मिटून ऐकायचा. मला वाटायचं झोपला, म्हणून मी एखादं पान गाळलं की लगेच: “ए, मधलं खाल्लंस.”

एवढं मोठं काम मला त्याच्यामुळे करता येतंय.

१२ मार्च

आज १९५४ची वही उघडली आणि एकटीच हसत सुटले. क्लेम भट्टी सोडून स्वयंपाकघरात शिरलाय! चेरी नाही, रक्त नाही. “डब्यातला सामन मासा.” “शिजलेला रूबार्ब, साखर कमी.” “दोनदा पाणी घातलेला चहा.” “मोहरी कालवून ठेवली आणि वर साय आली तशी.” मी मोहरी अशीच विसरते, तो जेवताना बोलून दाखवायचा.

बीटीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “भुकेला असायचा बिचारा. वाढत नव्हतीस का?”

अक्षरही बदललंय. मोठमोठं, ओळ सोडून वर चढणारं. रंग पेन्सिलीने, वेळा मात्र शाईने. पूर्वी सगळंच पेन्सिलीने असायचं.

आणि मी क्लीथॉर्प्सला एल्सीकडे, माझ्या बहिणीकडे, दहा दिवस गेले होते, तेव्हा रंगच नाहीत. नुसत्या वेळा. बायको घरात नसली की पुरुषांना कशातच राम वाटत नाही, हे खरं असावं.

१३ मार्च

त्याच्या हत्यारांच्या खणात खिळ्यांखाली एक जाड भिंग सापडलं. फडक्यात नीट गुंडाळलेलं. याचं काय करायचा? तिकिटं जमवत नव्हता. विचारायला कुणी नाही.

२२ मार्च

काहीतरी चुकतंय. आधी वाटलं माझंच.

१९५४च्या ११ एप्रिलला घड्याळं तासभर पुढे झाली, दर उन्हाळ्यापुरती होतात तशी. हे मला आठवतं, कारण त्या रविवारी मी काटे फिरवायला विसरले आणि चॅपलमध्ये शेवटची प्रार्थना चालू असताना शिरले. तेव्हापासून सूर्य पावणेआठच्या सुमाराला जायला हवा. आधीच्या सगळ्या वर्षांत तसंच आहे, घड्याळ बदललं की क्लेमच्या वेळाही एका तासाने उडी मारतात. इथे मारत नाहीत. १२ एप्रिल: सहा एकोणपन्नास. सहा एकोणपन्नासला सूर्य वॉकलीच्या चांगला हातभर वर असतो. तो सबंध उन्हाळा असा. पुढचे तिन्ही उन्हाळे असेच.

घड्याळ पुढे करायला चुकला म्हणावं, तर भट्टीवर वेळेवर जात होता.

२३ मार्च, रविवार

चॅपलला गेले नाही. वह्या काढून बसले.

ज्या आठवड्यात दुपारची पाळी, त्या आठवड्याची पानं पूर्वी कोरी असायची. साहजिक आहे, तो भट्टीसमोर, सूर्य इकडे. पण १९५४पासून त्या आठवड्यांतही वेळा आहेत, शाईने, एकही दिवस न चुकता. तो कामावर होता. मग इथून बघितलं कुणी?

३० मार्च

शेवटची वही मी पुढे ढकलत होते. आज उघडली. पेन्सिल सहा नोव्हेंबरला थांबते. त्यानंतर तो अंथरुणातून उठला नाही.

शाई थांबत नाही. बारा नोव्हेंबर, ज्या दिवशी तो गेला, त्या दिवसाचीही वेळ आहे. तेराची आहे. चौदाला आम्ही त्याला पुरलं, त्याही दिवसाची आहे. नाताळची आहे. थेट ३१ डिसेंबर, चार वाजून एक मिनिट.

मी वही मिटली. पुन्हा उघडून बघितली, तशीच होती.

१ एप्रिल

वाचनालयात गेले. दरवर्षी निघतं ते आल्मनॅक मागितलं, ज्यात जत्रा, भरती-ओहोटी, सूर्य उगवण्या-मावळण्याच्या वेळा असतात. १९५४चं. क्लेमच्या वेळा मिनिटाला मिनिट त्यातल्या. वरती बारीक अक्षरात छापलंय की वेळा लंडनच्या ग्रिनिचच्या आहेत, उन्हाळ्यात तास मिळवून घ्यावा. त्याने मिळवला नाही. आमची वॉकली लंडनच्या कुठल्या कोष्टकात असणार? त्याने चार वर्षं बसल्या जागी उतरवून काढलंय.

 माझा क्लेम. खाटकाने तराजूला बोट लावलं तर दुकानातून बाहेर पडणारा.

मग मनात आलं ते लिहूनच ठेवते. प्रत मी करतेय. उन्हाळ्यात तास मिळवायचा, टेकडी सूर्य आधी झाकते ती पंधरा मिनिटं वजा करायची, पाळीचे आठवडे आणि मेल्यानंतरची पानं गाळायची. मूळ वह्या ओल लागून खराब झाल्या म्हणायचं. कुणालाही कळणार नाही, क्लेमचं नाव छापून येईल. नाही केलं तर अठरा खरी वर्षंही केराच्या टोपलीत जातील.

कोऱ्या कागदावर एक महिना करूनही बघितला. छान जमला.

२ एप्रिल

रेग सिडॉल क्लेमच्या हाताखाली पंधरा वर्षं होता, आता स्वतः भट्टीचा मुख्य आहे. त्याच्या घरी गेले. टोपी काढून उभाच राहिला.

मी भिंग टेबलावर ठेवलं. म्हटलं, “रेग, हे कशाला लागायचं त्याला?”

त्याने भिंग उचलून उजेडाकडे धरलं. “तुम्हाला माहीत नव्हतं, मिसेस स्टॅनिफर्थ? अजून?”

“काय माहीत नव्हतं?”

“त्याला दिसत नव्हतं. भट्टीने डोळे खाल्ले होते. मधोमध दूध सांडल्यासारखं पांढरं, असं म्हणायचा. कडेकडेने दिसे, म्हणून चालणं-फिरणं निभायचं. भिंग धरून अक्षर न् अक्षर लावायचा. लांबचं काही नाही.”

“आणि भट्टी? चार वर्षं भट्टीवर उभा होता तो!”

“मी बाजूला असायचो. हळूच विचारायचा, काय दिसतंय रे? मी रंग सांगायचो. बाकी उकळीच्या आवाजावरून ओळखायचा. पोलादाचा एकही घाणा वाया गेला नाही, शप्पथ.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही त्याला कानाला धरून डॉक्टरकडे नेलं असतंत. डॉक्टरने भट्टीवरून उतरवून हातात झाडू दिला असता.” मग जरा घुटमळत, “शिवाय तुम्हाला सांगितलं म्हणजे बीटीला सांगितलं.”

एवढ्यातही मला हसू आलं. मग वेळांचं विचारलं. दर जानेवारीत एका रविवारी, मी चॅपलला गेले की, भिंग लावून वर्षभराच्या वेळा एका दमात उतरवून ठेवायचा. रोज शोधायला नको म्हणून. त्यात तासाचं कुठून लक्षात राहणार? आपण काय लिहिलं तेही त्याला धड दिसत नव्हतं.

“मास्तरांना सांगू का, रेग? तुझ्या नोकरीचं काय?”

“सांगा. क्लेमला आता कोण भट्टीवरून उतरवणार? माझं मी बघतो.”

३ एप्रिल

रेगकडून परत येताना एवढंच डोक्यात होतं की क्लेम माझ्याशी खोटं बोलला. रात्रभर तेच. सकाळी भांडी घासताना हात थांबला.

रंग तर आल्मनॅकमध्ये नसतात.

ओल्या हातांनी वही उघडली. डब्यातला सामन. शिजलेला रूबार्ब, साखर कमी. दोनदा पाणी घातलेला चहा. ही माझी बोलणी आहेत. इथून, या सिंकपाशी, पाठ न वळवता सांगितलेली. शब्द न् शब्द लिहून ठेवलाय. “खाटकाच्या खिडकीतल्या हॅमची कड.” “एल्सीच्या लग्नातला तो भयंकर झगा.” एके ठिकाणी “कालच्यासारखंच”. तेही लिहिलंय.

मग पान उलटत उलटत ३ फेब्रुवारी १९५६. मला दिवस आठवत नाही. धुण्याचा ढीग असेल, नळ गोठला असेल, कशाने तरी वैतागले असेन. रंगाच्या जागी पेन्सिलीने, ओळीच्या बाहेर चढलेल्या अक्षरात:

“आज ती कामात होती.”

असे दिवस मोजले नाहीत. मोजणार नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

मास्तर आले. मी तो कोऱ्या कागदावर केलेला महिना आधी शेगडीत घातला होता. सगळं सांगितलं. भिंग दाखवलं, आल्मनॅक दाखवलं, मेल्यानंतरची शाई दाखवली. म्हटलं, “अठरा वर्षं त्याच्या डोळ्यांची आहेत, ती तरी घ्या.”

 मास्तरांनी पिशवीतून स्वतःची वही काढली. शाळेच्या गच्चीवरून ते कधीमधी रंगांचं पत्रक आकाशाला लावून बघतात म्हणे. “१४ मार्च १९५५ला तुमच्याकडे काय आहे?”

“कस्टर्ड, करपलेलं.”

“माझ्याकडे पिवळा, तपकिरी झाक. २ ऑक्टोबर?”

“बीटाचं पाणी, व्हिनेगरसकट.”

“जांभळट लाल, वर फिकट.” सोळा तारखा विचारल्या. चौदा जुळल्या. दोनदा आमचं भांडण झालं, एकदा ते चुकले होते.

मग चष्मा काढून म्हणाले, “वेळा गाळू. रंग कुणी पाहिले?”

“लिहिले क्लेमने.”

“लिहिले कुणी, ते विचारत नाही.”

“मी पाहिले. पण मी काय, भांडी घासत होते.”

“समितीपुढे मला हे जसंच्या तसं सांगावं लागेल. काय म्हणतील माहीत नाही. शुक्रवारी बैठक आहे.”

मी म्हटलं, जसंच्या तसंच सांगा.

१८ एप्रिल

रात्रीचं जेवण होईतो निरोप नाही. बीटी दोनदा डोकावून गेली. “मी शाळेत जाऊन विचारू का?” “गप बस घरी.” 

१९ एप्रिल

मास्तर स्वतः आले, सायकलवरून, घामेघूम. तीन तास वाद झाला. दोघांनी राजीनाम्याची धमकी दिली, एकाने दिलाही. बावीसच्या बावीस वर्षं छापायची ठरली. शेवटच्या चार वर्षांच्या वेळा वगळून. दोघांची नावं.

“पहिल्या अठरा वर्षांवर ‘निरीक्षक’ असं येईल,” ते म्हणाले. “या चारांवर काय घालू?”

मी जास्त विचार केला नाही. “पाहणारी मेबल, विचारणारा क्लेम.”

“विचारणारा?”

“त्याने विचारलं नसतं तर मी मान वर केली नसती.”

मास्तरांनी तसंच लिहून घेतलं. बीटी भिंतीला कान लावून होती, कारण ते सायकलवर बसायच्या आत तिने दार उघडलं आणि त्यांना विचारलं, “हे भूक लागण्यासारखं पुस्तक विकत कुठे मिळेल?”

२० एप्रिल, रविवार

आज घड्याळं पुढे झाली. सकाळी उठल्या उठल्या काटा तासभर फिरवला, चॅपलला वेळेवर पोचले.

संध्याकाळी सिंकमध्ये भांडी तशीच ठेवली. क्लेमची खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बसले. इथून टेकडी उभ्याने दिसते त्यापेक्षा लांब वाटते. धुराड्यांमधून सूर्य खाली खाली आला, कडेला टेकला, जरा पसरला आणि गेला. मग खालच्या रस्त्यांतले दिवे एकेक करून लागले, आधी नदीकाठचे, मग आमच्या चढावरचे.

सात एकोणसाठ. जर्दाळूचा मुरंबा, बरणीच्या तळातला, उन्हात धरला तर दिसतो तसा.

आज मी कामात नव्हते.